दुकान उघडं ठेवून मांडणी बदलायची: डेटाबेस रीऑर्गनायझेशनचा इतिहास

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, जून महिन्यात, मी एक कमांड चालवली आणि एका नदीचं तीन तासांचं पाणी हरवलं.

पाणी म्हणजे पाण्याच्या पातळीची रीडिंग्ज. आमच्या लॅबचा सर्व्हर दुसऱ्या एका गटाच्या नदीकाठच्या सेन्सर्सचा डेटा साठवतो. आदल्या आठवड्यात कॅलिब्रेशनची चूक सुधारण्यासाठी मी त्या टेबलमधल्या झाडून सगळ्या ओळी अपडेट केल्या होत्या. आता पोस्टग्रेसक्यूएलची पद्धत अशी, की अपडेट करताना जुनी ओळ जागच्या जागी बदलत नाही. जुनी तशीच राहते आणि तिची नवी आवृत्ती दुसरीकडे लिहिली जाते. त्यामुळे टेबल फुगून जवळजवळ दुप्पट झालं होतं. साध्या व्हॅक्यूमने ती मेलेली जागा पुन्हा वापरता येते, पण फाइल फारशी लहान होत नाही. मला डिस्क मोकळी हवी होती, म्हणून मी 'व्हॅक्यूम फुल' दिलं. ही कमांड अख्खं टेबल नव्याने लिहून काढते आणि ते होईपर्यंत सगळ्यात कडक लॉक धरून बसते. लिहिणं सोडा, कुणाला वाचताही येत नाही. रीडिंग पाठवणारी स्क्रिप्ट काही वेळा प्रयत्न करायची आणि मग ते रीडिंग टाकून द्यायची. त्या दुपारी मोसमातला पहिला जोराचा पाऊस झाला. ग्राफमध्ये पातळी चढायला लागते तिथेच रेघ तुटलेली आहे, आजही.

सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अगं, हे दिवसाच करायचं होतं का?"

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. दिवसा का करता येऊ नये? किराणा दुकानदार मांडणी बदलतो तेव्हा दुकान बंद ठेवत नाही, गिऱ्हाईक येत राहतं. मग डेटाबेसला का जमू नये? शोधायला बसले आणि हा इतिहास हाती लागला. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताहेत किंवा सिनॉप्सिस लिहिताहेत, त्यांच्यासाठी तो मुद्दाम लिहितेय, कारण मी जिथे फसले तिथेच तुम्हीही फसायची शक्यता आहे.

मी सुरुवात केली ती टूल्सपासून. पोस्टग्रेसक्यूएलसाठी पीजी-रिपॅक आहे. जपानच्या एनटीटीमध्ये तयार झालेल्या पीजी-रीऑर्गपासून ते २०१२ मध्ये वेगळं झालं. मायएसक्यूएलच्या जगात श्लोमी नोआख यांनी २००९ मध्ये एक स्क्रिप्ट काढली, २०१० मध्ये फेसबुकने आपलं टूल जाहीर केलं, पुढे पर्कोनाचं आलं. सगळ्यांची युक्ती एकच. शेजारी एक रिकामं टेबल करायचं. त्याची रचना हवी तर बदलायची, नाहीतर तशीच ठेवायची. जुन्या टेबलवर ट्रिगर लावायचे, म्हणजे काम चालू असताना होणारे बदल निसटत नाहीत. मग जुन्या ओळी सावकाश नव्यात ओतायच्या आणि शेवटी क्षणभर लॉक घेऊन नावांची किंवा फाइलींची अदलाबदल करायची. मी वहीत लिहून ठेवलं: "ही कल्पना साधारण २००८ नंतरची दिसते."

हे वाक्य माझ्या लिटरेचर रिव्ह्यूच्या पहिल्या मसुद्यात होतं. साफ चुकीचं वाक्य.

१९७९ मध्ये एसीएम कंप्युटिंग सर्व्हेज या नियतकालिकात गॅरी सॉकट आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांचा डेटाबेस रीऑर्गनायझेशनवरचा मोठा आढावा लेख आला. तेव्हा रिलेशनल डेटाबेस प्रयोगशाळेतून बाजारात नुकते कुठे उतरत होते. तरीही डेटाची मांडणी बिघडते, ती अधूनमधून नीट लावावी लागते आणि ते डेटाबेस चालवण्याचंच एक अंग आहे, याची तेव्हा पद्धतशीर चर्चा झालेली होती. आता पुढचं बघा. त्याच नियतकालिकात २००९ मध्ये, म्हणजे बरोबर तीस वर्षांनी, ऑनलाइन रीऑर्गनायझेशनवर आढावा लेख आला. लेखक गॅरी सॉकट आणि बालकृष्ण अय्यर. एकच माणूस तीस वर्षं त्याच प्रश्नापाशी! मला हे वाचून जरा हायसं वाटलं, खरं सांगते. आपल्याकडे 'टॉपिक जुना झालाय' हे वाक्य फार सहज फेकलं जातं.

या दोन लेखांच्या मधल्या काळात खरी गंमत आहे.

१९९२ मध्ये सी. मोहन आणि इंदरपाल नारंग यांनी प्रचंड मोठ्या टेबलवर, अपडेट न थांबवता, इंडेक्स कसा बांधायचा यावर सिग्मॉडमध्ये पेपर दिला. त्यात दोन पद्धती आहेत. एकीत इंडेक्स बांधून होईपर्यंत आलेले बदल बाजूच्या एका फाइलीत नोंदवून ठेवायचे आणि नंतर लावायचे. पीजी-रिपॅकचं लॉग टेबल उघडून बघा, तीच कल्पना दिसेल.

मग १९९७. सॉकट, थॉमस बीव्हिन आणि चुंग-सी चँग यांचा आयबीएम सिस्टिम्स जर्नलमधला पेपर. हा मी तीनदा वाचला. यात ट्रिगर नाहीत. डेटाबेस तसाही प्रत्येक बदल रिकव्हरीसाठी आपल्या लॉगमध्ये लिहीतच असतो, मग तोच लॉग वाचायचा. टेबलची सावली-प्रत तयार करायची. तोवर जमलेला लॉग तिच्यावर लावायचा. ते लावेपर्यंत आणखी थोडा जमतो, तो लावायचा. अशा फेऱ्या. समजा प्रत करायला ६० मिनिटं लागली आणि लॉग लावण्याचा वेग नवे बदल येण्याच्या वेगाच्या दहापट आहे. मग पहिल्या फेरीला ६ मिनिटं, दुसरीला ३६ सेकंद, तिसरीला जेमतेम ४ सेकंद. शेवटच्या बारीकशा तुकड्यासाठी लेखन थांबवायचं आणि नव्या प्रतीवर उडी मारायची. शाळेतली भूमितीय श्रेढी, दुसरं काही नाही. पण लावण्याचा वेग येण्याच्या वेगापेक्षा कमी असेल, तर हे कधीच संपणार नाही. म्हणून डीबी२ मध्ये शेवटच्या फेरीला जास्तीत जास्त किती वेळ द्यायचा आणि काम आटोक्यात येत नसेल तर काय करायचं, यासाठी वेगळ्या सेटिंग्ज आहेत.

एक अडचण मात्र राहते, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तीच आहे. लॉगमध्ये लिहिलेलं असतं, 'अमुक पानावरची अमुक क्रमांकाची ओळ बदलली.' तो झाला जुना पत्ता. नव्या प्रतीत ती ओळ भलतीकडेच गेलेली असते. घर बदललेल्या माणसाची पत्रं जुन्याच पत्त्यावर येत राहावीत, तसं. १९९७ च्या पेपरचं उत्तर असं, की जुना पत्ता आणि नवा पत्ता यांची जोडी लावणारा एक तक्ता ठेवायचा. कंटाळवाणं वाटतं, पण त्याशिवाय पद्धत उभीच राहत नाही.

याच अडचणीचं दुसरं उत्तर आपल्या पवईतून आलंय, आणि ते मला फार उशिरा कळलं याची लाज वाटते. सिग्मॉड २००० मध्ये लखमराजू, रस्तोगी, शेषाद्री आणि सुदर्शन यांचा ऑब्जेक्ट डेटाबेसच्या ऑनलाइन रीऑर्गनायझेशनवरचा पेपर आहे. ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये प्रकरण आणखी अवघड. तिथे एक वस्तू दुसरीचा थेट भौतिक पत्ता पोटात घेऊन असते. म्हणजे एक वस्तू हलवायची तर तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या 'पालक' वस्तू शोधून प्रत्येकीतला पत्ता बदलायचा, आणि तोही इतर व्यवहार चालू असताना. त्यांचा अल्गोरिदम कोणत्याही क्षणी जास्तीत जास्त दोनच वस्तूंवर लॉक धरतो. अख्खं टेबल धरून बसलेल्या माझ्या कमांडशी ताडून बघा! हा अल्गोरिदम त्यांनी ज्या स्टोरेज मॅनेजरवर करून पाहिला त्याचं नाव ब्रह्मा, आणि तो आयआयटी मुंबईत तयार झालेला. ऑब्जेक्ट डेटाबेस पुढे मागे पडले आणि पेपरही नव्या टूल्सच्या चर्चेत फारसा दिसत नाही. पण वाचाच.

तिसरं उत्तर टूलवाल्यांचं. पीजी-रिपॅक वापरायचं तर टेबलला प्रायमरी की हवी, नाहीतर नल नसलेली युनिक की. ही अट वाचून मी आधी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. १९९७ चा पेपर वाचल्यावर कळलं की ही अट म्हणजे त्याच तक्त्याची जागा भरणारी गोष्ट आहे. ओळ कुठेही गेली तरी तिची की बदलत नाही. पत्त्याऐवजी आधार क्रमांकावरून माणूस शोधण्यासारखं. सोपं झालं, पण फुकट नाही. की नसलेल्या टेबलला तिथे दारच बंद.

ओरॅकलने २००१ च्या सुमारास, ९आय आवृत्तीत, ऑनलाइन रीडेफिनिशन दिलं, ते याच घराण्यातलं.

मग २०१६. गिटहबने जीएच-ओस्ट आणलं, उच्चारी घोस्ट. वैशिष्ट्य काय, तर ट्रिगर नाहीत! मायएसक्यूएलचा बायनरी लॉग वाचून ते नव्या टेबलवर बदल लावतं. ट्रिगरची भानगड अशी, की तो मूळ व्यवहाराच्या आतच चालतो, म्हणजे प्रत्येक लेखनावर जादा ओझं आणि लॉकसाठी जादा ओढाताण. शिवाय सर्व्हर दमला म्हणून ट्रिगरला 'थांब जरा' म्हणता येत नाही. काढला, तर मधले बदल हातचे गेले. लॉग मात्र वाट बघतो. वाचणं थांबवा, चहा पिऊन या, पुढून सुरू करा. या टूलमागचे मुख्य माणूस कोण? तेच श्लोमी नोआख, ज्यांनी २००९ मध्ये ट्रिगरवाली स्क्रिप्ट लिहिली होती. सात वर्षांनी त्यांनी आपलीच जुनी वाट मोडली, आणि नवी वाट जाऊन मिळाली १९९७ च्या वाटेला.

म्हणजे टूलवाल्यांनी चोरी केली का? मला तसं वाटत नाही. आयबीएमकडे डेटाबेसच्या पोटातला लॉग पहिल्यापासून हातात होता, कारण डेटाबेस त्यांचाच. बाहेरून टूल लिहिणाऱ्याला जे दार उघडं दिसतं त्यातूनच शिरावं लागतं, आणि सुरुवातीला ते दार ट्रिगरचं होतं. मायएसक्यूएलच्या लॉगमध्ये ओळीनिहाय बदल मिळायला लागले, ती सोय रुळली, तेव्हा दुसरं दार उघडलं. माझं मत असं, की इथे कल्पना कधी सुचली यापेक्षा ती कुठल्या दारातून शिरू शकली हे जास्त महत्त्वाचं आहे. रिव्ह्यूत मी आता तसंच मांडलंय. सर अजून पूर्ण पटले नाहीयेत. त्यांच्या मते दोन्ही गटांनी एकमेकांचं वाचलं नाही, एवढंच खरं कारण.

अजूनही न सुटलेली गाठ म्हणजे ती शेवटची अदलाबदल. १९९७ घ्या नाहीतर २०१६, क्षणभर का होईना सगळ्यांना थांबवावं लागतं. आणि तो क्षण मिळणं आपल्या हातात नसतं. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये कडक लॉक मागणारा रांगेत उभा राहिला की त्याच्यामागे साधे वाचणारेही अडकतात. पुढे एखादी लांबलचक क्वेरी चालू असेल, तर दोन सेकंदांच्या कामासाठी अर्धा तास रांग. म्हणून पीजी-रिपॅक ठरावीक वेळ वाट बघतं, मुळात ६० सेकंद, आणि मग आड येणाऱ्या क्वेरीज रद्द करायला लागतं, तरी भागलं नाही तर कनेक्शनच तोडतं. ते नको असेल तर तसं सांगायची सोय आहे. मग ते त्या टेबलचा नाद सोडून देतं.

मागच्या डिसेंबरमध्ये आम्ही तेच टेबल पीजी-रिपॅकने आवरायचं ठरवलं. नवी प्रत मावेल एवढी डिस्क आधी मोकळी केली, कारण काम संपेपर्यंत दोन्ही प्रती नांदतात. कुणाचं कनेक्शन तुटू नये म्हणून ती सोयही वापरली. भर दुपारी, सरांच्या देखत, सुरू केलं. ६० सेकंदांनी टूलने टेबल सोडून दिलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कोण अडवतंय म्हणून चालू सेशन्सची यादी काढली. सकाळपासून एक ट्रान्झॅक्शन उघडं पडलेलं, त्याच टेबलवर, काहीही न करता.

युजरनेम माझं होतं. दुसऱ्या खोलीतल्या पीसीवर सकाळी एक सिलेक्ट चालवून मी खिडकी तशीच ठेवून आले होते. ती बंद केली. काम ५० मिनिटांत झालं, आणि सेन्सरचं एकही रीडिंग चुकलं नाही.