ओपन अ‍ॅक्सेस जर्नल : वाचायला मोफत, मग छापायला लाखो रुपये का?

समजा, पिंपरीतल्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरने आळंदीच्या कार्तिकी यात्रेत वारकऱ्यांना होणाऱ्या पोटाच्या आजारांचा अभ्यास केला. जर्नलने शोधनिबंध स्वीकारला. मग मेल आला : प्रकाशनासाठी २,००० डॉलर भरा. म्हणजे दीड लाख रुपयांहून अधिक! हे पैसे नेमके कशाचे? आणि ते टाळता येतात का?

ओपन अ‍ॅक्सेस म्हणजे काय?

पारंपरिक जर्नल वाचकाकडून किंवा ग्रंथालयाकडून वर्गणी घेतं. ओपन अ‍ॅक्सेस जर्नल कुणालाही मोफत वाचता येतं. आळंदीत दवाखाना चालवणारा डॉक्टरही मोबाइलवर संशोधन वाचू शकतो. मात्र संपादन, मांडणी आणि वेबसाइटचा खर्च राहतोच. तो, आणि व्यावसायिक प्रकाशक असेल तर त्याचा नफाही, अनेकदा लेखकाकडून वसूल होतो. यालाच 'आर्टिकल प्रोसेसिंग चार्ज' म्हणजेच एपीसी म्हणतात. शोधनिबंध तपासणाऱ्या तज्ज्ञांना यातून सहसा काहीच मिळत नाही.

शुल्क किती असतं?

'प्लॉस' या ना-नफा संस्थेने २००३ मध्ये पहिलं जर्नल काढलं, तेव्हा शुल्क १,५०० डॉलर होतं. 'नेचर'ने २०२१ पासून ओपन अ‍ॅक्सेससाठी ९,५०० युरो आकारायला सुरुवात केली. तेव्हाच्या दराने हे जवळपास साडेआठ लाख रुपये होतात.

गरीब देशांतल्या लेखकांना मोठे प्रकाशक शुल्कमाफी देतात. पण भारताची अर्थव्यवस्था मोठी असल्याने आपले लेखक या यादीत सहसा बसत नाहीत. संशोधन निधीत तरतूद नसेल, तर भार डॉक्टरच्या खिशावर पडतो.

मग पैसे भरतात कशाला?

वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीसाठी शोधनिबंध लागतात. या गरजेचा फायदा 'प्रिडेटरी' म्हणजे लुबाडणारी जर्नल घेतात. पैसे घ्यायचे आणि नीट तपासणी न करताच छापायचं, हा त्यांचा धंदा. अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१९ मध्ये हैदराबादच्या 'ओमिक्स' समूहाला फसव्या दाव्यांबद्दल ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला होता.

पुण्याचा याच्याशी जवळचा संबंध आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ जर्नल तपासली. त्यातली ८८ टक्के निकृष्ट निघाली. हा अभ्यास २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला.

सरकार काय करतंय?

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० जर्नल असा तिचा आवाका आहे. हा पैसा मुख्यतः वाचण्यासाठी आहे. निवडक ओपन अ‍ॅक्सेस जर्नलमध्ये छापण्यासाठी वर्षाला १५० कोटींची वेगळी तरतूद आहे. योजना सरकारी संस्थांसाठी असल्याने खासगी महाविद्यालयं आणि छोटे दवाखाने तिच्याबाहेर राहतात.

शुल्काशिवाय छापता येतं का?

येतं. मुंबईच्या सेठ जीएस मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयाचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून निघतं. ते मोफत वाचता येतं आणि लेखकाकडून शुल्क न घेण्यासाठी ओळखलं जातं. आयसीएमआरचं १९१३ पासूनचं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'ही याच वाटेवरचं. अशा जर्नलचा खर्च संस्था उचलते. या पद्धतीला 'डायमंड' ओपन अ‍ॅक्सेस म्हणतात.

दुसरा मार्ग म्हणजे वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलमध्ये छापायचं आणि त्याची स्वीकृत प्रत, नियमात बसत असेल तर, संस्थेच्या संग्रहात मोफत ठेवायची.

पाठवण्याआधी काय तपासाल?

जर्नल 'डीओएजे' या मोफत यादीत आहे का, हे पाहा. संपादक मंडळातली नावं खरी आहेत का, याची खात्री करा. शुल्क वेबसाइटवर स्पष्ट लिहिलंय का, तेही पाहा. चार दिवसांत छापून देण्याची हमी मिळाली, तर तिथूनच मागे फिरा.