चिटाचे पडदे आणि भिंतीचा कागद

भिंतीची सजावट आणि बैठकीचे कापड एकमेकांस साजेसे असावे, ही हौस फार जुनी आहे. अठराव्या शतकात विलायतेतील श्रीमंत गृहिणींना त्यासाठी मछलीपट्टणचे चीट हवे असे. कलमाने नक्षी काढलेले, मुळांच्या लाल रंगात व निळीत रंगविलेले ते कापड धुतले तरी विटत नसे. तेथील लोकर-रेशमाचे विणकर हवालदिल झाले आणि १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड अंगावर, पलंगावर वा खुर्चीवर वापरण्यास बंदी आली.

नामवंत नट डेव्हिड गॅरिक यांनी कलकत्त्याच्या इंग्रजी नाटकगृहास साहाय्य केले होते. त्याची आठवण म्हणून तेथील मंडळींनी त्यांच्या पत्नीस चिटाचे पलंगपडदे धाडले. बाईंनी त्यांच्यासाठी भिंतीचा कागद आणि खुर्च्याही सिद्ध ठेवल्या. पण जकातवाल्यांनी पडदेच जप्त केले! १७७५ मध्ये गॅरिक यांना त्यासाठी सरकारदरबारी पत्र लिहून विनवणी करावी लागली.

तो पलंग व ते चीट आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ते रंगविणाऱ्या कारागिरांची नावे मात्र इतिहासाने राखली नाहीत. भगिनींनो, गाद्यागिरद्यांना फुलांचे चीट निवडताना त्या हातांचे स्मरण असू द्यावे.