हिराकस आणि तांबडी भुकटी

वडीगोद्रीतल्या कुठल्याही गोठ्याचा जस्ती पत्रा घ्या. जस्त चढण्याआधी लोखंडाची खपली तेजाबाने काढावी लागते. पूर्वी ते बहुधा गंधकाचे असे. मळलेले तेजाब थंड केले की हिराकस खाली बसे, उरलेले पुन्हा हौदात. नाहीतर चुना घालून ते वाया. गंमत अशी, की युरोपातले किमयागार गंधकाचे तेजाब मुळात हिराकस भाजूनच काढत. मागे तांबडी भुकटी उरे.

१९६०च्या दशकात कारखाने मिठाच्या तेजाबाकडे, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडकडे वळले. ऑस्ट्रियाच्या रुथनर पद्धतीत मळलेले तेजाब भट्टीत फवारतात आणि निघालेला वायू पाण्यात मुरवतात. इंधन खाते ते पाणी उडवणे. म्हणून भट्टीचा तापलेला वायू आधी येणाऱ्या तेजाबातून नेतात. थोडे पाणी तिथेच उडते. इथेही तांबडी भुकटीच उरते, पण ती आता लाउडस्पीकरच्या चुंबकात जाते.