धक्का कुणी खायचा? घरी घडवलेल्या बंपरचा इतिहास

अमेरिकेत १९७०च्या दशकात नवा पिकअप ट्रक घेतला, तरी त्याला मागचा बंपर असेलच असं नसे. हवा असेल तर जादा पैसे मोजा, डीलरकडून बसवून घ्या, नाहीतर आपल्या शेडमध्ये वेल्डिंग करून बनवा. पुष्कळांनी हा शेवटचा मार्ग पत्करला. टेक्सास-ओक्लाहोमाच्या तेलपट्ट्यात विहिरी खोदताना वापरून निकामी झालेले जाड पाइप स्वस्तात मिळत. गुरांच्या वाड्यांची कुंपणं आणि फाटकं त्यांचीच होत. त्यातलाच एक तुकडा ट्रकच्या मागे जोडला की झाला बंपर. जिथे पाइप नव्हते तिथे लोखंडी चॅनेल होताच.

मला या ओबडधोबड वस्तूत रस वाटतो. गाडी कशावर तरी आदळली तर धक्का कुणी खायचा, गाडीने, आतल्या माणसाने की समोरच्याने, या प्रश्नाचं एक उत्तर तिच्यात वितळवून जोडलेलं असतं. ते उत्तर शंभर वर्षांत बदलत गेलं, ट्रकवाल्याच्या शेडमध्ये मात्र ते फारसं बदललं नाही.

पहिल्या मोटारींना बंपर नव्हतेच. १८९७ साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या नेसेल्सडॉर्फ कारखान्यात ‘प्रेसिडेंट’ ही गाडी बनली. तिला बंपर होता. हा कारखाना मुळात रेल्वेचे डबे बनवणारा, आणि डब्यांना बफर असतातच. तेव्हा ही कल्पना तिथे सुचली याचं मला नवल वाटत नाही. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला मात्र कारखान्यातून बंपर येत नसे. तो बाजारातून घेऊन लावायचा. १९२७ साली आलेल्या ‘मॉडेल ए’ला स्प्रिंगच्या पोलादाच्या दोन आडव्या पट्ट्या मिळाल्या. हळू वेगातली ठोकर त्या पट्ट्यांनी लवून झेलायची, एवढंच त्यांचं काम.

बंपर घरी बनवायचा तर घरात वेल्डिंग हवं, आणि वेल्डिंगला वीज. १९३०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या दहातल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती. १९३६च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्याने ते चित्र पालटायला सुरुवात झाली. त्याआधी, १९१७च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शाळांमधल्या शेतीच्या व्यवसाय शिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला होता. शेतकऱ्यांची मुलं शाळेच्या वर्कशॉपमध्ये अवजारं दुरुस्त करायला शिकली. क्लीव्हलंडच्या लिंकन इलेक्ट्रिकचं २२५ अँपिअरचं वेल्डिंग यंत्र पुढे शेतोशेती पोचलं. थडग्याच्या दगडासारख्या आकारामुळे लोक त्याला ‘टूमस्टोन’च म्हणू लागले. घरच्या बंपरमागे असा सगळा सार्वजनिक खर्च आणि शिक्षण उभं आहे. ‘माझं मी केलं’ म्हणणाऱ्याच्या हातातली वीज सरकारी धोरणामुळे आलेली असते.

बनवण्याची रीत अजून तीच आहे. आधी पुठ्ठ्याचे साचे कापून चासीसमोर धरून पाहायचे. मग साधारण ५-६ मिलिमीटर जाडीची प्लेट कापायची आणि आधी फक्त टाके मारायचे, कारण सलग वेल्डिंग केलं की उष्णतेने पत्रा ओढला जातो आणि सरळ बंपर वाकडा होतो. जाणकार कारागीर बंपर चासीला थेट वेल्ड करत नाही. ब्रॅकेट करून बोल्टने बसवतो, म्हणजे उद्या उतरवता येतो. वजनाचा हिशेब मात्र चुकत नाही. ६ मिलिमीटरची एक चौरस मीटर प्लेट ४७ किलो भरते. तो भार पुढच्या स्प्रिंगांवर कायमचा बसतो.

शेडमध्ये हे चालू असताना कारखान्यातला विचार उलट दिशेने निघाला होता. मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांनी १९५१ साली एका पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना अशी, की मधली बैठकीची पेटी भक्कम ठेवायची, पण गाडीचं नाक आणि शेपूट मुद्दाम चेपू द्यायचं. १९५९ साली ती रस्त्यावर आली. तिचं गणित सोपं आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी ६० सेंटीमीटर चेपत थांबली, तर आतल्या पेटीला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी १६ पट झटका बसतो. अंतर ३० सेंटीमीटर झालं की झटका दुप्पट. चेपण्याच्या जागी कडक लोखंड आणलं की हेच अंतर कमी होऊ शकतं. बंपरला ओरखडा नाही म्हणून आनंद होतो, पण न चेपलेल्या लोखंडाने न खाल्लेला धक्का कुठेतरी जातोच.

अमेरिकी सरकारने १९७३च्या मोटारींपासून नियम आणला. ताशी ५ मैलांच्या पुढच्या धडकेत दिवे, इंधन यांसारख्या सुरक्षेच्या व्यवस्था शाबूत राहिल्या पाहिजेत. १९८२ साली ही मर्यादा अडीच मैलांवर उतरवली गेली. पण हा बंपरचा नियम फक्त प्रवासी मोटारींना लागू होता. पिकअप त्यातून बाहेर राहिला, आणि आजही आहे. ट्रक म्हणजे कामाचं वाहन, ही समजूत कायम राहिली. घरच्या बंपरला मोकळं रान मिळालं ते असं.

आपल्याकडे हमरस्त्यालगतच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत बोलेरो पिकअपला लोखंडी ‘गार्ड’ लावून मिळतात. डिसेंबर २०१७मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं. आधार होता मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा, कारण सांगितलं गेलं पादचाऱ्यांच्या आणि गाडीतल्या प्रवाशांच्या धोक्याचं. कारण बरोबरच आहे. पण ज्याची गाडी हप्त्यावर आहे आणि दोन दिवस गॅरेजला उभी राहिली तर भाडं बुडतं, त्याला चेपणारं नाक परवडत नाही. बारेनींच्या कल्पनेत गाडीचं नुकसान गृहीत आहे. ते भरून देणारा विमा किंवा पगार मात्र प्रत्येकाकडे नसतो.

म्हणून मी मागच्या आणि पुढच्या बंपरमध्ये फरक करतो. मागचा घरचा बंपर हे अवजार आहे. त्यावर पाय ठेवून चढायचं, त्याला ट्रेलर जोडायचा. पुढचं गार्ड हे चिलखत आहे, आणि चिलखताची किंमत रस्त्याने चालणारा माणूस मोजतो. त्याला या व्यवहारात कुणी विचारलेलं नसतं. ट्रकवाल्याची अडचण खरी आहे, पण तिची भरपाई दुरुस्तीच्या खर्चात आणि विम्यात शोधायला हवी, पायी जाणाऱ्याच्या गुडघ्यांत नव्हे.