हमीपत्रं देणारा सिनेमावाला

५ डिसेंबर १९३०. बर्लिनच्या मोत्सार्टझाल थिएटरात पडद्यावर सिनेमा चालू होता आणि खाली खुर्च्यांमधून पांढरे उंदीर पळत होते. जोडीला दुर्गंधीचे बॉम्ब, शिट्ट्या, घोषणा. हा सगळा तमाशा घडवून आणणारा गोबेल्स स्वतः थिएटरात हजर होता. सिनेमा होता 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट', पहिल्या महायुद्धात मेलेल्या जर्मन पोरांची गोष्ट. आमच्या सैन्याचा अपमान झाला म्हणे! आठवड्याभरात बंदी आली. दंगा करणाऱ्यांवर नाही, सिनेमावर. आणि तेव्हा हिटलर सत्तेत आलेलाही नव्हता.

हा सिनेमा अमेरिकेतल्या युनिव्हर्सल कंपनीचा. तिचा मालक कार्ल लेमली मूळचा जर्मनच. १८६७ साली लाउपहाइम या छोट्या गावात ज्यू घरात जन्मला, सतराव्या वर्षी अमेरिकेला गेला. ऑशकॉश नावाच्या गावी कपड्यांच्या दुकानात नोकरी केली आणि चाळिशीला टेकल्यावर, १९०६ मध्ये, शिकागोत एक छोटं थिएटर काढलं. त्या काळी कॅमेरा-प्रोजेक्टरची पेटंट्स एडिसन आणि मंडळींच्या ट्रस्टच्या मुठीत होती. सिनेमा दाखवायचा तर दर आठवड्याला त्यांना पैसे मोजा. १९०९ मध्ये लेमलीने सरळ नाही म्हटलं आणि स्वतःच सिनेमे काढायला लागला. ट्रस्टने खटल्यांवर खटले टाकले, हा हटला नाही. १९१५ मध्ये कोर्टाने ट्रस्टच बेकायदा ठरवला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसजवळ त्याची युनिव्हर्सल सिटी उघडली होती.

नातेवाइकांना कंपनीत चिकटवणारा मालक म्हणून हॉलिवूड त्याची टिंगल करायचं. 'अंकल कार्ल' हे नाव त्यातूनच. एकविशीतल्या पोराच्या हाती त्याने अख्खा स्टुडिओ दिला! (त्या पोराने 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेनस्टाइन' काढले, हेही सांगायला हवं.)

आता बर्लिनच्या बंदीकडे परत येऊ. जर्मनीचा बाजार मोठा होता. १९३१ मध्ये युनिव्हर्सलने खटकणारे प्रसंग कापले, कापलेली प्रत इतर देशांतही दाखवायचं कबूल केलं, तेव्हा परवानगी मिळाली. ही धंद्यासाठी घेतलेली माघार होती, तिला दुसरं नाव नाही. पण पुढच्याच वर्षी, जानेवारी १९३२ मध्ये, याच माणसाने वृत्तपत्रसम्राट हर्स्टला पत्र लिहून कळकळीने सांगितलं, की हिटलर आला तर ज्यूंवर शारीरिक हल्ले होतील, तुम्ही काहीतरी बोला.

१९३६ मध्ये कर्जापायी कंपनी हातची गेली. सत्तरीला आलेला, हृदयाचा त्रास असलेला माणूस. त्याचं खरं काम, माझ्या मते, इथून पुढचं आहे.

अमेरिकेचा व्हिसा हवा तर तिथल्या कुणीतरी हमीपत्र द्यायला लागायचं: हा माणूस सरकारवर भार होणार नाही, झालाच तर मी पोसेन. लेमली अशी हमीपत्रं देत सुटला. आधी नातेवाईक, मग गाववाले, मग ज्यांचं तोंडही पाहिलं नाही असे लोक. ही संख्या तीनशेच्या वर सांगतात. शेवटी स्टुटगार्टच्या अमेरिकन वकिलातीने आक्षेप घेतला: वय झालं, हमीपत्रं फार झाली. १९३८ मध्ये त्याने थेट परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांना पत्र लिहिलं. नियम काही वाकला नाही. मग तो ओळखीच्या श्रीमंतांच्या मागे लागला, तुम्ही सह्या करा म्हणून.

पहिल्या महायुद्धानंतर उपाशी लाउपहाइमला त्याने भरपूर मदत पाठवली होती, म्हणून गावाने एका रस्त्याला त्याचं नाव दिलं होतं. नाझींनी ते पुसलं. २४ सप्टेंबर १९३९ ला लेमली वारला, युद्ध सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. लाउपहाइममधून ज्यूंना छावणीकडे नेणारी शेवटची गाडी ऑगस्ट १९४२ मध्ये सुटली.