भिंतीवरील बोट

पाहणाऱ्यावर बोट रोखलेले लॉर्ड किचनेर भिंतीभिंतींवर प्रकट झाले आणि इंग्लंडांतील तरुणांच्या झुंडी सैन्यांत शिरल्या, अशी एक समजूत रूढ आहे. तारखा मात्र तिला साथ देत नाहींत. आल्फ्रेड लीट या चित्रकाराचें तें चित्र ‘लंडन ओपिनियन’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आलें ५ सप्टेंबर १९१४ रोजीं. एका दिवसांत सर्वांत अधिक भरती झाली ती त्यापूर्वीं दोन दिवस, ३ सप्टेंबरला. त्या दिवशीं ३३,००० हून अधिक तरुणांनीं नांवें नोंदविलीं. बेल्जममध्यें माँस येथून इंग्रजी फौजा मागें हटल्याच्या वार्ता नुकत्याच येऊन पोंचल्या होत्या, आणि त्या पुरेशा होत्या.

भित्तिपत्रकांचें खरें काम ही लाट ओसरल्यावर सुरू झालें. आतां गांठावयाचा होता तो घरीं राहिलेला माणूस. राजा आणि साम्राज्य हे शब्द त्यानें ऐकून सोडून दिले होते. म्हणून चित्रकार त्याच्या घरांतच शिरले. १९१५ सालच्या एका भित्तिपत्रकांत खिडकीशीं उभ्या असलेल्या स्त्रिया कूच करणाऱ्या सैनिकांकडे पाहत आहेत, आणि ब्रिटनच्या स्त्रियाच ‘जा’ म्हणत आहेत, असें शेजारीं लिहिलें आहे. त्याच वर्षींचें सॅव्हिल लम्ली यांचें चित्र याहूनहि जिव्हारीं लागणारें. युद्ध संपलें आहे. एक सुखवस्तु गृहस्थ खुर्चींत बसला आहे. पायांशीं मुलगा खेळण्यांतले शिपाई मांडीत आहे. मांडीवरची मुलगी विचारते, “बाबा, महायुद्धांत तुम्हीं काय केलें?” बाप उत्तर देत नाहीं, चित्राबाहेर, पाहणाऱ्याकडे पाहतो. शत्रूचें भय येथें नांवालाहि नाहीं. भय आहे तें स्वतःच्या लेकराचें! ही कल्पना मुद्रणव्यवसायांतील आर्थर गन यांना स्वतःच्या घरींच सुचली, आणि मग ते स्वतःहि स्वयंसेवक दलांत दाखल झाले, असें त्यांच्या मुलानें पुढें सांगितलें.

जानेवारी १९१६ पर्यंत सुमारें २५ लक्ष माणसें स्वेच्छेनें गेलीं. तेवढीं पुरलीं नाहींत, आणि सक्तीचा कायदा झाला. ज्यांना चित्र लाजवूं शकलें नाहीं, त्यांना कायद्यानें नेलें.

१९३९ मध्यें पुन्हा युद्ध आलें तेव्हां प्रचारखात्यानें एक वाक्य भिंतींवर लाविलें: तुमचें धैर्य, तुमची प्रसन्नता, तुमचा निर्धार विजय मिळवून देईल. पण कोणाला? मराठींत ‘आपल्याला’ कीं ‘आम्हांला’ हें ठरविल्यावांचून वाक्य पुरें होत नाहीं. इंग्रजींत दोहोंना एकच शब्द. लिहिणाऱ्याच्या मनांत ‘आपल्याला’ असेल, पण रस्त्यावरील अनेकांनीं ‘आम्हांला’ असेंच वाचलें: कष्ट तुमचे, जय सरकारचा. टीका झाली. शांत राहून काम चालूं ठेवण्यास सांगणारें त्याचें भावंड सुमारें २५ लक्ष प्रतींत छापून तयार होतें. तें फारसें लागलेंच नाहीं, आणि बहुतेक प्रतींचा लगदा झाला. २००० मध्यें आल्निक येथील जुन्या पुस्तकांच्या दुकानांत एक प्रत सांपडली, तेव्हांपासून तें चहाच्या पेल्यांवर मिरवीत आहे.

१९४० मध्यें चर्चिल यांच्या चित्रासह आलेल्या शब्दांत ही चूक राहिली नाहीं: चला, आपण मिळून पुढें जाऊं. आणि विजयासाठीं जमीन खणा असें सांगणाऱ्या भित्तिपत्रकांत तर कोणाचा चेहराहि नव्हता. फावड्यावर रेंटलेला एक बूट, एवढेंच. तो कोणाचाहि असूं शकत होता. भाजीपाल्यासाठीं भाड्यानें दिले जाणारे जमिनीचे तुकडे युद्धापूर्वीं ८ लक्षांच्या आसपास होते. १९४३ पर्यंत ते सुमारें १४ लक्ष झाले.