फिन (श्वास रोखून मारायच्या बुडीसाठी)
श्वास रोखून खोल जाणारे आणि पाण्याखाली भाल्याने मासे टिपणारे पाणबुडे पायांत चढवतात ती लांब पाती. फ्रान्सच्या लुई द कोर्लिय यांनी १९३३ मध्ये फिनचे पेटंट घेतले. निवडताना पाते कशाचे आहे यापेक्षा ते किती लवते आणि रबरी बूट पायाला कसा बसतो हे अधिक महत्त्वाचे. कारण ताठ पात्याने मांडीचे मोठे स्नायू जास्त राबले की साठवलेला प्राणवायू झपाट्याने संपतो. प्रवाहात ताठ पाते जास्त रेटा देते, हा आक्षेप खरा आहे. पण थकलेल्या पायांना ते वाकवता येत नाही आणि रेटाही मिळत नाही. कार्बन तंतूचे पाते हलके, चटकन उसळणारे, तरी खडकावर आपटून तडकू शकते. म्हणून खडकाळ किनाऱ्यावर शिकार करणाऱ्याने स्वस्त, चिवट प्लास्टिकच घ्यावे. नवशिक्याने आधी बूट पारखावा, मऊ पाते निवडावे आणि सोबत्याविना बुडी मारू नये.